मंत्र, आयुधें आणि खेळांतील समतोल

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें नांव आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस कदाचित् अपरिचित असेल. घरांतील तरुण मंडळींस तें पुरतें ठाऊक आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं हा खेळ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार अशीं सोंगें घेऊन त्या प्रसंगीं काय करावयाचें तें बोलून दाखवितात, आणि यशापयशाचा निवाडा बहुधा वीस बाजूंचा फांसा करतो. सारे खेळाडू एकाच पक्षाचे; आपसांत हार-जीत नाहीं. मग अशा खेळांत समतोलाचा प्रश्न यावाच कां? परंतु तो येतो, आणि पुष्कळदां डाव त्याच एका प्रश्नापायीं मोडतो.

भिवंडींतील आमच्या घरीं रविवारीं दुपारीं चुलत भावंडांचा हा डाव बसतो. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, माजघरांत फांशांचा! पहिले कांहीं महिने रंग उत्तम भरला. पुढें योद्धा झालेला धाकटा पुतण्या मधूनच उठून जाऊं लागला. ‘सगळें दादाच करतो, मी नुसता बसतों,’ एवढेंच त्याचें म्हणणें. मोठ्यांनीं तें रुसण्यावारीं नेलें. पण त्याच्या गाऱ्हाण्यांत गणित होतें.

ह्या खेळांत मंत्रांच्या नऊ पायऱ्या आहेत. खेळाडूची स्वतःची चढती निराळी, ती वीसपर्यंत जाते. घोटाळा नको म्हणून तिला आपण इयत्ता म्हणूं. जादूगार पांचव्या इयत्तेंत आला म्हणजे त्यास तिसऱ्या पायरीचे मंत्र साधतात. त्यांतील अग्निगोलासाठीं सहा बाजूंचे आठ फांसे टाकतात. सरासरी इजा २८, आणि तीहि वीस फूट त्रिज्येंत सांपडलेल्या प्रत्येकास. चपळाईनें निसटला तरी निम्मी चुकत नाहीं. त्याच इयत्तेंत योद्ध्यास काय लाभतें, तर एका पाळींत एकाऐवजीं दोन वार. सतराव्या इयत्तेंत जादूगारास नववी पायरी खुली होते, जेथें ‘इच्छा’ नांवाचा मंत्र आहे. तोंवर योद्धा तीन वारांपर्यंत आलेला असतो!

ह्यास उतारा खेळाच्या कर्त्यांनीं आरंभींच ठेवला होता. जॅक व्हॅन्स ह्या लेखकाच्या १९५० सालच्या कथांवरून त्यांनीं अशी कल्पना घेतली कीं, मंत्र एकदां म्हटला म्हणजे तो स्मरणांतून जातो. पुढें नियम बरेच सैल झाले, तरी सांठा मोजकाच राहिला. २०१४ च्या आवृत्तींत पांचव्या इयत्तेच्या जादूगारास तिसऱ्या पायरीचे मंत्र दोनदांच म्हणतां येतात. विसांवा घेतल्यावांचून तिसऱ्यांदा नाहीं. योद्ध्याची तलवार मात्र संपत नाहीं. त्याच आवृत्तींतील सूत्रधाराच्या ग्रंथांत एका दिवसाच्या सहा ते आठ झुंजी गृहीत धरल्या आहेत. आमच्याकडे तीन तासांत एकच झुंज होई, आणि ती संपतांच सूत्रधार झालेली थोरली पुतणी ‘रात्र झाली, सारे निजले’ असें सांगून मोकळी होई. मग दादानें काटकसर करावी तरी कशाला? अपराध मंत्राचा नव्हे, त्या निजण्याचा.

आपल्याकडील मुलांस हें समजावण्यास द्रोणपर्व पुरेसें आहे. कर्णानें कवचकुंडलें देऊन इंद्राची शक्ति घेतली. ती एकाच शत्रूस मारून इंद्राकडे परत जावयाची, म्हणून त्यानें ती अर्जुनासाठीं राखून ठेविली. चौदाव्या दिवशीं सूर्यास्त झाला तरी युद्ध थांबलें नाहीं. त्या रात्रीं कृष्णानें घटोत्कचास पुढें घातलें, आणि कौरवसेनेचा संहार टाळण्यासाठीं कर्णास ती शक्ति खर्चणें भाग पडलें. घटोत्कच पडल्यावर पांडव शोक करीत असतां कृष्ण आनंदानें नाचूं लागला, त्याचें मर्म हेंच. त्यानें ती शक्ति कोणाकडून हिरावली नाहीं किंवा तिचें तेजहि उणें केलें नाहीं. ती खर्ची पडेल असा प्रसंग तेवढा आणला.

पुतणीनें हा धडा उचलला. एकच दिवस तिनें दोन रविवार पुरविला. तिसऱ्या झुंजींत दादाचे मंत्र सरले, आणि पुलावर वाट अडवून उभा राहावयास धाकटाच उरला. त्या दिवशीं त्यास जेवावयास चारदां हांक मारावी लागली.

जादूच्या वस्तूंचें गणित ह्याहून निराळें, कारण त्या सरत नाहींत. वीस बाजूंच्या फांशावर एक अंक म्हणजे शेंकडा पांच. ज्याचे वीसांतले दहा वार लागत, त्यास ‘अधिक ३’ ची तलवार मिळाली कीं तेरा लागतात. शिवाय प्रत्येक वारास इजा तिनानें अधिक. २०१४ च्या नियमांत खेळाडूचें नैपुण्य साऱ्या वीस इयत्तांत २ वरून ६ वर, म्हणजे अवघें चारांनीं वाढतें. हें पाहिलें म्हणजे एका पेटींतून निघालेले ते तीन अंक केवढे, हें ध्यानांत येईल. पुष्कळशा प्रभावी वस्तूंचा धारकाशीं योग जुळवावा लागतो, आणि अशा वस्तु एका वेळीं तीनच बाळगतां येतात, हें बंधन फार शहाणपणाचें आहे.

सर्वांस सारखेंच सामर्थ्य वांटण्याचा प्रयोगहि २००८ च्या चौथ्या आवृत्तींत होऊन गेला. योद्धा आणि जादूगार ह्यांच्या शक्तींची मांडणी एकाच धर्तीची केली. समतोल साधला खरा. पण सगळ्यांच्या पानांत एकच भाजी, अशी तक्रार कित्येक खेळाडूंनीं केली, आणि ती आम्हांस रास्त वाटते. त्यापेक्षां तलवार योद्ध्याच्याच हातीं पडेल असें करावें, आणि जादूगारास तीनदांच चालणारी एखादी कांडी द्यावी. दोनदां ती वापरून झाली म्हणजे तिसऱ्या वेळेस दादा ती काढतो कीं ठेवतो, हें पाहण्यास बाकीचीं भावंडें श्वास रोखून बसतात.