अकरा महिन्यांचा करार : समज, कायदा आणि व्यवहार

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या आयुष्यात भाड्याच्या घराचा प्रश्न बहुधा दोनदा येतो. परगावी नियुक्ती मिळालेला तरुण अध्यापक प्रथम भाडेकरू म्हणून घर शोधतो आणि पुढे निवृत्तीच्या सुमारास, भविष्य निर्वाह निधीतून घेतलेली सदनिका भाड्याने देताना, तोच घरमालकाच्या भूमिकेत येतो. दोन्ही वेळी त्याला मिळणारा सल्ला एकच असतो : अकरा महिन्यांचा करार मुद्रांकपत्रावर टंकलिखित करावा, नोटरीची मोहोर घ्यावी, म्हणजे चिंता नाही. महाराष्ट्रात हा सल्ला सन 2000 पासून चुकीचा आहे. तरीही कायद्याचे अध्यापन करणारे काही सहकारीदेखील तो निःशंकपणे देताना आढळतात. या समजुतीचा उगम, तिच्यामुळे होणारे नुकसान आणि व्यवहारात घ्यावयाची दक्षता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पागडीच्या जुन्या भाडेदारीचा प्रश्न स्वतंत्र असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

समजुतीचे मूळ

भारतीय नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 नुसार वर्षानुवर्षे चालणारे अथवा एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदणे सक्तीचे आहे. एक वर्षाच्या आत राहिल्यास नोंदणी टळते, एवढ्या हिशेबातून ‘अकरा महिने’ हा आकडा रूढ झाला. भाडे नियंत्रणाच्या धास्तीने तो अधिकच घट्ट झाला. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, 1947 खाली भाडेकरूला भक्कम संरक्षण होते, तर भाडे 1940 च्या पातळीवर गोठलेले होते. ते टाळण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे केवळ वापराच्या परवान्याचा, मार्ग धरला. परंतु 1973 मध्ये या अधिनियमात दुरुस्ती होऊन 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. ज्यांनी परवाना म्हणून घर दिले होते त्यांना ते परत मिळविणे दुरापास्त झाले. घर कुलूपबंद ठेवू, पण भाड्याने देणार नाही, ही शहरी मध्यमवर्गाची भूमिका बरीचशी या अनुभवातून आलेली आहे.

गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात डिसेंबर 1997 मध्ये नोंदविले. पुढे राज्यातील तिन्ही विभागांचे जुने कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 करण्यात आला व तो 31 मार्च 2000 पासून अमलात आला.

कलम 55 व कलम 24

या अधिनियमाच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा असो वा भाडेपट्ट्याचा, प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. मुदतीची अट येथे नाही. करार अकरा महिन्यांचा असो वा तीन महिन्यांचा, नोंदणी करावीच लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रत्यक्षात शिक्षेपेक्षा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीची मोहोर म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी स्वाक्षऱ्यांची ओळख पटवितो. दस्त दुय्यम निबंधकाच्या अभिलेखात जात नाही.

याउलट, करार नीट केलेला असेल तर कलम 24 मालकाला असाधारण बळ देते. निवासासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपताच परवानाधारकाने ताबा द्यावयाचा असतो. न दिल्यास मालकाला दिवाणी दाव्याच्या लांबलचक वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने बचावाची अनुमती मागितली नाही, तर मालकाचे कथन मान्य समजले जाते. मुदतीनंतरच्या वास्तव्याबद्दल परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. या प्रकरणात लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. ‘कागदावर परवाना असला तरी तोंडी ठरले होते वेगळे’ हा बचाव तेथे टिकत नाही.

भाडेकरूंनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी. एरवी एखादा व्यवहार भाडेपट्टा आहे की परवाना, हे न्यायालय त्याच्या आशयावरून ठरविते. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या 1959 च्या निर्णयापासून ते तत्त्व रुजलेले आहे. कलम 24 च्या कार्यवाहीत मात्र कागद बोलतो. म्हणून मध्यस्थाने पुढे केलेला छापील मसुदा न वाचता स्वाक्षरी करणे घातक ठरते.

करारातील रक्कम

करारात आठ हजार लिहावयाचे व प्रत्यक्षात बारा हजार घ्यावयाचे, ही प्रथा सर्वपरिचित आहे. प्राप्तिकर वाचविणे हा तिचा हेतू असतो. वास्तविक घरभाड्याच्या उत्पन्नातून, नगरपालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर, तीस टक्के सरसकट वजावट मिळते. त्यामुळे वाचणारा कर वाटतो तेवढा नसतो. जोखीम मात्र मोठी असते. मुदतीनंतर परवानाधारक बसून राहिला, तर दुप्पट भरपाई आठ हजारांवर मोजली जाईल, म्हणजे सोळा हजार. खऱ्या भाड्याच्या तुलनेत हा दंड फारसा उरतच नाही. परवानाधारकाचेही नुकसान आहे. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मागताना त्याच्या हाती आठ हजारांचाच पुरावा असतो. अनामत रक्कम कमी दाखविली असेल, तर उरलेली रक्कम केवळ विश्वासावर राहते.

खर्चाची सबब तर अगदीच लंगडी आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते एकूण परवाना शुल्क व परतावा अनामतीवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर आकारतात. दरमहा 20,000 रुपये, अनामत 1,00,000 रुपये व मुदत दोन वर्षे असेल, तर 4,80,000 व 20,000 मिळून 5,00,000 रुपयांवर 1,250 रुपये शुल्क होते. नोंदणी शुल्क वेगळे. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सुविधेमुळे आता निबंधक कार्यालयात जाण्याचीही आवश्यकता राहिलेली नाही.

अनामत व अन्य बाबी

सर्वाधिक कटुता अनामतीवरून निर्माण होते. दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत घेता येते, असे अलीकडे सांगितले जाते. ही मर्यादा केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातील आहे. तो केवळ नमुना असून राज्याने स्वतः स्वीकारल्याशिवाय कोठेही लागू होत नाही. अनामत परत मिळविण्यासाठी परवानाधारकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येत नाही; ती वाट मालकासाठी आहे. त्याला दिवाणी न्यायालयाकडे वळावे लागते, आणि पन्नास हजारांसाठी तेवढी चिकाटी क्वचितच कोणी दाखवितो. यास्तव अनामत धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी व तिचा तपशील करारात घालावा. रंगकामाचा खर्च कोण करणार, हेही आधीच लिहावे. ‘सामान्य झीज’ या शब्दांचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असल्यास संस्थेला कराराची प्रत द्यावी. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही, असा शासनाचा आदेश 1 ऑगस्ट 2001 पासून आहे. काही संस्था तो सोयीस्करपणे विसरतात. अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी लागते. ते मालकाचे काम आहे.

वाद झाल्यावर पाणी वा वीज तोडण्याचा मोह मालकाने कटाक्षाने टाळावा. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास अधिनियमाच्या कलम 29 ने मनाई आहे. मुदत संपली म्हणून परस्पर कुलूप बदलणारा मालक, कलम 24 ने हाती दिलेली सरळ वाट सोडून, स्वतःच प्रतिवादी होण्याची तयारी करीत असतो.

ताबा देताना व परत घेताना दोघांनी मिळून खोल्यांची छायाचित्रे घ्यावीत, वीजमापकाचे वाचन लिहावे, पंखे, नळ, कपाटे व किल्ल्या यांची यादी करून दोघांनी स्वाक्षऱ्या कराव्यात. अनामतीचा परतावा व किल्ल्यांची देवघेव एकाच बैठकीत व्हावी. अखेरचे वीजदेयक आलेले नसल्यास त्यापुरती अंदाजी रक्कम राखून, ती केव्हा परत करावयाची तो दिनांक त्याच कागदावर नोंदवावा.