हिंगणघाटची कबर आणि सपाट पृथ्वी

"भाऊ, पृथ्वी गोल आहे हे तुम्ही स्वतः पाहिलं का? सगळं नासावाले सांगतात म्हणून मानता ना?"

इंद्रवेल्लीत हा प्रश्न मी चहाच्या टपरीवर ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला, आणि मोबाइलवर तर ज्यांचं नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसांकडून कितीदा तरी. विचारणारा अडाणी नसतो. बहुतेक वेळा चांगला शिकलेला असतो, आणि आपण फार धाडसी प्रश्न केला अशा थाटात विचारतो. चीड येते ती त्याच्या शंकेची नाही. पृथ्वीच्या आकाराचा पुरावा अमेरिकेच्या तिजोरीत ठेवलाय असं तो गृहीत धरतो, त्याची येते.

नासाची स्थापना 1958 सालची. त्याआधी 135 वर्षं, 20 जानेवारी 1823 रोजी, विल्यम लॅम्ब्टन नावाचा एक म्हातारा इंग्रज अधिकारी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. इंद्रवेल्लीहून गुडीहत्नूरला जाऊन नागपूरचा हायवे धरला की आदिलाबाद, पांढरकवडा, वडकी करत आपण हिंगणघाटला पोचतो. आपल्याकडची किती माणसं दवाखान्यासाठी, कापसासाठी या रस्त्यानं जातात! कबरीत झोपलेल्या या माणसाचं आयुष्य पृथ्वीचा आकार मोजण्यात गेलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

लॅम्ब्टननं 1802 साली मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून साडेसात मैलांची एक रेषा मोजली. पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत, त्याची माणसं कन्याकुमारीच्या बाजूनं उत्तरेकडे सरकली. ही मोजणी 78 रेखांशाच्या आसपास, म्हणजे आपल्या पश्चिमेकडून, निजामाच्या मुलखातून वर गेली. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टनं 1841 पर्यंत ती हिमालयाच्या पायथ्याला नेली. ठिकठिकाणी रात्री ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश काढायचे आणि दोन अक्षांशांमधलं जमिनीवरचं अंतर त्रिकोणांवरून काढायचं, ही पद्धत. उत्तरेकडे जाताना अक्षांशाचा एक अंश किंचित लांबत जातो, असं त्यातून दिसलं. कन्याकुमारीजवळ एक अंश सुमारे 110.6 किलोमीटरचा, आपल्याकडे 110.7 चा, दिल्लीजवळ 110.8 चा. याचा अर्थ पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे. सपाट आहे की गोल, हा वाद या लोकांपुढे नव्हताच. गोल कितपत बिघडलेला आहे, ते मोजणं चाललं होतं. एव्हरेस्टनं 1830 साली काढलेल्या आकड्यांवर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षं निघत राहिले.

इंग्रजांवरही भरवसा नसेल तर एक मीटरची काठी घ्या. 20 मार्च किंवा 23 सप्टेंबरला ती ओळंबा लावून सरळ उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. हैदराबादेत ती सुमारे 31 सेंटिमीटर भरेल, इंद्रवेल्लीत 35, नागपुरात 39. या तिन्ही गावांत तुमचं कुणी ना कुणी असेलच, एक फोन पुरे. सावलीवरून कोन काढला की हैदराबाद आणि नागपूर यांच्यात पावणेचार अंशांचा फरक येतो आणि नकाशावर दक्षिणोत्तर अंतर भरतं साधारण 416 किलोमीटर. 360 अंशांना किती, ते त्रैराशिकानं काढा. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येतं. मात्र एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर पाच हजार किलोमीटरनं हलतं, तेव्हा काठी लांब घ्या आणि जमीन समतल करून घ्या.

सपाटवाल्यांतला हुशार माणूस इथे बरोबर अडवतो: "पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ असला तरी सावल्या वेगवेगळ्याच पडतील." मुद्दा खरा आहे. दोनच गावांची सावली घेतली तर त्याचा हिशेबही जुळवता येतो. म्हणून तिसरं गाव घ्यायचं, आणि लांबचं घ्यायचं. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर बरोबर डोक्यावर असतो. त्याच्या सपाट पृथ्वीवर सूर्याची उंची काढायची तर विषुववृत्तापासूनच्या अंतराला मीटरमधल्या सावलीनं भागायचं. कन्याकुमारी: 894 किलोमीटर भागिले 0.142, उंची सुमारे 6,300 किलोमीटर. दिल्ली: 3,166 भागिले 0.545, उंची 5,800. श्रीनगर: 3,773 भागिले 0.677, उंची 5,600 च्या आत. एकाच दुपारी एकच सूर्य तीन उंचींवर! गोल पृथ्वी धरली तर याच तीन सावल्या अंशाला 110 किलोमीटर आणि वर थोडं, असा एकच आकडा देतात. हा हिशेब मी ज्यांना ज्यांना पाठवला त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. उलट चंद्रावरचा झेंडा वाऱ्याशिवाय कसा हलतो, असं विचारलं.

गणित नको असेल तर इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची जत्रा आहेच. मेस्राम घराण्याची महापूजा पुष्य अमावस्येच्या रात्री होते, म्हणजे चांदण्याचा अडथळा नाही. जत्रेच्या दिव्यांपासून जरा लांब जाऊन दहाच्या सुमारास दक्षिणेकडे बघा. क्षितिजापासून सुमारे 18 अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोडा खाली, अगस्त्य चमकत असतो. पाठीमागे उत्तरेला जवळपास तेवढ्याच उंचीवर ध्रुवतारा. तोच अगस्त्य दिल्लीत जेमतेम नऊ अंश वर येतो आणि आणखी उत्तरेला मॉस्कोत उगवतच नाही. ध्रुवाचं उलटं: कन्याकुमारीला तो आठ अंशांवर उतरतो आणि विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलेल्याला दिसत नाही. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना सगळे तारे दिसायला हवे होते.

"आपल्या शास्त्रांत पृथ्वी सपाटच सांगितली आहे, गोलाचं खूळ इंग्रजांनी आणलं," असंही अभिमानानं सांगतात. त्यांनी भास्कराचार्य वाचावेत. 1150 सालच्या सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीला आरशासारखी सपाट म्हणणाऱ्यांनाच सवाल केला आहे. तसं असेल तर वर फिरणारा सूर्य कितीही दूर गेला तरी माणसांना दिसत का राहत नाही? रात्र मेरू पर्वताच्या आड होत असेल तर तो मेरू का दिसत नाही? जमीन सपाट का वाटते, याचंही उत्तर तिथेच आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणूस त्यापुढे फार थोडा. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं, चांगदेवानं, मठ काढला होता. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. साडेआठशे वर्षांपूर्वी खोडलेला मुद्दा आज व्हिडिओ होऊन पुन्हा येतो.

आता किरकोळ गोष्टी. "मैलांचा वर्ग गुणिले 8 इंच इतकं लपायला हवं" हे सूत्र बघणाऱ्याचा डोळा जमिनीला टेकलेला असेल तरच लागू पडतं. डोळा दोन मीटरवर असेल तर क्षितिजच पाच किलोमीटरवर जातं, आणि दहा किलोमीटरवरच्या वस्तूचे आठ नव्हे, दोनच मीटर लपतात. त्यात हवा प्रकाश वाकवते, म्हणून आणखी कमी. "पाणी नेहमी सपाट राहतं": पाणी गुरुत्वाकर्षणाशी काटकोनात राहतं, आणि गुरुत्वाकर्षण मध्याकडे ओढतं. "विमानाला सारखं नाक खाली करावं लागेल": एक अंश खाली वळायला विमानाला सात-आठ मिनिटं मिळतात, तेवढं ते उंची राखताना आपोआप वळतं.

याच मंडळींकडून सकाळी कोडीही येतात. 6÷2(1+2) किती? एक पक्ष 9 म्हणतो, दुसरा 1, आणि दोघेही एकमेकांच्या गुरुजींचा उद्धार करतात. यात गणित काही नाही, लिहिण्याचा गचाळपणा आहे. कंस नीट घाला, भांडण संपलं. 0.999… ही न संपणारी संख्या 1 पेक्षा "जराशी कमी" आहे, असंही ठासून सांगतात. ती 1 च आहे: एक तृतीयांश म्हणजे 0.333…, त्याला 3 नं गुणा. तीन दरवाज्यांच्या कोड्यात (एकामागे बक्षीस; तुम्ही एक निवडता, मग सूत्रधार उरलेल्यांतला एक रिकामा उघडून दाखवतो) दरवाजा बदलावा, असं बरोबर उत्तर 1990 साली मॅरिलिन वोस सावंत यांनी अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात दिलं, तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली, आणि त्यांना चूक ठरवणाऱ्यांत पीएच.डी. झालेले शेकड्यांनी होते. म्हणजे शिक्षणाचा इथे फारसा उपयोग होत नाही.

शेवटी पैजेची भाषा येते: "सिद्ध करून दाखवा, लाख रुपये देतो." पैज घेण्याआधी आल्फ्रेड रसेल वॉलेसचं काय झालं ते ऐकून घ्या. डार्विनच्याच काळात उत्क्रांतीचा विचार स्वतंत्रपणे मांडणारा हा शास्त्रज्ञ. 1870 साली जॉन हॅम्पडेन नावाच्या सपाटवाल्यानं 500 पौंडांची पैज लावली आणि वॉलेसनं ती घेतली. इंग्लंडमधल्या एका कालव्याच्या सहा मैलांच्या सरळ पट्ट्यावर त्यानं दोन्ही टोकांना आणि मध्ये पाण्यापासून सारख्याच, 13 फुटांहून थोड्या अधिक उंचीवर खुणा धरल्या. दुर्बिणीतून मधली खूण वर उठलेली दिसली. पंचांनी वॉलेसला विजयी ठरवलं. हॅम्पडेननं निकाल मानला नाही. वॉलेसला, त्याच्या ओळखीच्यांना, त्याच्या बायकोलाही शिव्यांची पत्रं लिहिली. बदनामीपायी तुरुंगातही गेला. वॉलेसच्या मागचा हा ससेमिरा पंधरा वर्षं सुटला नाही. वर कोर्टानं ठरवलं की पैजेचे पैसे वॉलेसला दिले जाण्याआधीच हॅम्पडेननं परत मागितले होते, सबब ते त्याला मिळाले पाहिजेत. पृथ्वी गोल ठरली आणि 500 पौंड सपाटवाल्याच्या खिशात परत गेले.