ग्रंथप्रामाण्य आणि एक शब्द : ‘बाप्तिस्मा’चा अर्थनिर्णय

ग्रंथप्रामाण्याची कल्पना भारतीय अभ्यासकास अपरिचित नाही. श्रुतिवाक्याचा अर्थ कसा लावावा यासाठी मीमांसकांनी एक स्वतंत्र शास्त्रच उभारले. ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळी विशेष तीव्रतेने पुढे आला. श्रद्धा व आचार यांचा अंतिम निकष बायबलच होय, धर्माधिकारी व परिषदा त्याच्या अधीन होत, हे सुधारकांचे प्रतिपादन. उलट, शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोहोंस सारखाच आदर द्यावयाचा, असा निर्णय ट्रेंटच्या परिषदेने इ. स. १५४६ मध्ये दिला. हा भेद सर्वश्रुत आहे. परंतु केवळ शास्त्रच प्रमाण मानणाऱ्यांत, एकाच ग्रंथाच्या आधारे, परस्परविरोधी आचार कसे उत्पन्न झाले, हा प्रश्न अधिक उद्बोधक होय. त्याचे उत्तर बाप्तिस्म्याच्या वादात स्पष्टपणे सापडते.

या वादाचा आरंभ झुरिक नगरात झाला. तेथील सुधारक झ्विंग्ली याच्या प्रेरणेने इ. स. १५२४ मध्ये देवळांतील मूर्ती हलविण्यात आल्या. कारण त्यांस शास्त्राचा आधार नव्हता. त्याच्याच सहवासात वाढलेल्या कॉन्राड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ आदी तरुणांनी हीच कसोटी शिशूंच्या बाप्तिस्म्यास लावली. नव्या करारात तान्ह्या मुलास बाप्तिस्मा दिल्याचा स्पष्ट उल्लेख नाही. तेव्हा हाही आचार त्याज्य ठरतो, असे त्यांचे म्हणणे. दि. २१ जानेवारी १५२५ रोजी त्यांनी प्रौढांचा बाप्तिस्मा केला. झ्विंग्लीने उत्तर दिले तेही शास्त्रातूनच. जुन्या करारात सुंता हे कराराचे चिन्ह असून ते शिशूंस दिले जाई. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:११–१२) सुंता व बाप्तिस्मा यांचा एकत्र उल्लेख आहे. म्हणून ते चिन्ह आता बाप्तिस्म्याच्या रूपाने शिशूंस देणे योग्यच होय. नगरसभेने झ्विंग्लीचा पक्ष घेतला. पुनर्बाप्तिस्म्यास तिने मृत्युदंड ठरविला, आणि दि. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झ यास लिमात नदीत बुडवून मारण्यात आले.

येथे दोन्ही पक्षांपुढे ग्रंथ एकच होता. भेद होता तो ग्रंथाच्या मौनाचा अर्थ कसा लावावा याविषयी. जे विहित नाही ते निषिद्ध, असा एक नियम. जे निषिद्ध नाही ते आचरण्यास हरकत नाही, असा दुसरा. ल्यूथरच्या अनुयायांचा कल सामान्यतः दुसऱ्या नियमाकडे, तर स्विस सुधारकांचा पहिल्याकडे राहिला. परंतु या दोहोंपैकी कोणता नियम स्वीकारावा हे ग्रंथ सरळ विधिवाक्याने सांगत नाही; ते वाचकसमाजास ठरवावे लागते.

बाप्तिस्मा कोणास द्यावा या प्रश्नाप्रमाणेच तो कसा द्यावा हाही प्रश्न पुढे वादग्रस्त झाला. येथे वादाचा विषय ‘बाप्तिझो’ हे ग्रीक क्रियापद होते. ते ‘बाप्तो’, म्हणजे बुचकळणे, या धातूपासून बनले असून लौकिक ग्रीकमध्ये जहाज बुडण्यासही ते लावले जाई. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात (५:१४) नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी घेतो तेथे हेच क्रियापद आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (६:४) बाप्तिस्म्यास पुरले जाण्याची उपमा दिली आहे. तीही या अर्थाशी जुळते. मात्र मार्कच्या शुभवर्तमानात (७:४) भांडी धुण्यास, आणि लूकमध्ये (११:३८) भोजनापूर्वीच्या क्षालनास याच शब्दकुळातील रूपे योजिली आहेत. तात्पर्य, व्युत्पत्ती एका दिशेने बोट दाखविते, तर प्रयोग अधिक व्यापक आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे विसरून चालत नाही.

प्राचीन आचारही एकेरी नव्हता. इ. स. १८८३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘दिदाखे’ या आरंभकालीन ग्रंथात वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, ते नसल्यास अन्य पाण्यात, आणि तेही पुरेसे नसल्यास मस्तकावर तीनदा पाणी ओतावे, असा क्रम सांगितला आहे. ग्रीक सनातन मंडळी तर शिशूंनाच बाप्तिस्मा देते आणि तोही पाण्यात बुडवून. म्हणजे ‘कोणास’ आणि ‘कसा’ हे दोन प्रश्न परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पाश्चात्त्य वादात त्यांची अनेकदा गल्लत झालेली दिसते.

भाषांतरकारापुढे हा प्रश्न टाळता न येण्याजोग्या रूपात उभा राहतो. लॅटिन नव्या कराराने ग्रीक शब्द तसाच उसना घेतला, आणि इंग्रजीने तीच वाट धरली. ल्यूथरने जर्मन ‘टाउफेन’ हा रूढ शब्द ठेवला. त्याचे ‘टीफ’ म्हणजे ‘खोल’ या शब्दाशी असलेले नाते त्याने इ. स. १५१९ च्या प्रवचनात दाखवून दिले. तथापि व्यवहारात तो शब्द केवळ संस्कारवाचक झाला होता. इ. स. १६११ च्या इंग्रजी भाषांतरासाठी घालून दिलेल्या नियमांत तर जुने मंडळीवाचक शब्द कायम ठेवावेत, अशी स्पष्ट आज्ञा होती.

एकोणिसाव्या शतकात हा वाद बंगालमध्ये पोहोचला. बाप्टिस्ट मिशनरी येट्स व पियर्स यांनी आपल्या बंगाली नव्या करारात या क्रियापदाचे ‘बुडविणे’ या अर्थाने भाषांतर केले. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने अशा भाषांतरास साहाय्य नाकारले. कारण तिच्या आश्रयदात्यांत पाणी शिंपडणारे पंथही होते. परिणामी अमेरिकेत इ. स. १८३६ मध्ये व इंग्लंडमध्ये इ. स. १८४० मध्ये बाप्टिस्टांनी आपल्या निराळ्या संस्था स्थापिल्या. एका क्रियापदाने संस्था दुभंगल्या त्या अशा.

मराठी बायबलात रूढ झालेला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द उसनाच आहे. त्याच्या योजनेने घडलेला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ग्रीकमध्ये एक क्रियापद होते व ते कृती सांगत होते. मराठीत एक नाम आले व त्यास ‘देणे’ किंवा ‘घेणे’ जोडले गेले. त्यामुळे संस्कार सूचित होतो, परंतु पाण्याशी घडणारी कृती अध्याहृत राहते. कॅथलिकांमध्ये प्रचलित असलेला ‘स्नानसंस्कार’ हा शब्द शुद्धीचा अर्थ पुढे आणतो आणि पुरले जाण्याची छटा मागे ठेवतो. ‘बुडविणे’ योजले असते तर ‘धर्म बुडाला’, ‘पैसे बुडाले’ या प्रयोगांतील नाशाची छाया त्यावर पडली असती. तथापि ती छाया मुळासही सर्वस्वी परकी नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (१०:३८) येशू आपल्या येऊ घातलेल्या दुःखभोगास याच शब्दाने निर्देशितो. म्हणजे निर्दोष पर्याय असा एकही नाही. प्रत्येक पर्याय मूळ अर्थाचा एक अंश राखतो व दुसरा सोडतो.

यावरून ग्रंथप्रामाण्य ही केवळ नाममात्र गोष्ट आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. ग्रंथ प्रमाण मानल्यामुळेच झ्विंग्लीस रूढीचा आश्रय पुरेसा वाटला नाही. त्यास नवा युक्तिवाद शोधावा लागला. प्रामाण्याने वादाचा निकाल लावला नाही, पण वाद कोठे व्हावा हे मात्र निश्चित केले. निकाल प्रत्येक वेळी वाचणाऱ्यांनीच लावला; कधी कोशाच्या आधारे, कधी परंपरेच्या, आणि झुरिकमध्ये राजदंडाच्या. ‘ग्रंथात असे सांगितले आहे’ या वाक्यामागे शब्दाचा अर्थ ठरविणारा कोणीतरी नेहमीच असतो. तो कोण आणि कोणत्या नियमाने तो अर्थ ठरवितो, हे विचारणे म्हणजे श्रद्धेवर आक्षेप घेणे नव्हे; ग्रंथ प्रमाण मानणाऱ्याचेच ते पहिले कर्तव्य होय.