बारा सेकंदांचा घाट

पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड सोडले की बेगडेवाडी, घोरावाडी ही छोटी स्थानके लागतात. मावळच्या या पट्ट्यात चैत्र-वैशाखातील यात्रांचे दिवस आले, की 'घाट' हा शब्द वारंवार कानी पडतो. शहरी वाचकास त्यावरून खंडाळा आठवेल. परंतु गाडामालकांच्या भाषेत घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढती धावपट्टी.

अमेरिकेतील 'रोडिओ' दूरचित्रवाणीमुळे अनेकांच्या परिचयाचा आहे. तेथे उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हाताने दोर धरून स्वाराने ८ सेकंद टिकायचे असते. मोकळा हात बैलाला लागला तरी तो बाद. शंभरपैकी निम्मे गुण बैलाच्या उसळण्याला असल्याने तेथे बैल जितका बेफाम तितका मोलाचा!

मावळात नेमके उलट. येथे बैलाच्या पाठीवर कोणी बसत नाही आणि हलक्या लाकडी गाड्यावरही सहसा गाडीवान नसतो. मागे धुरेची जोडी, तिच्यापुढे जुकाटाची जोडी आणि सर्वांत पुढे घोडीवर स्वार, अशी ही रचना. घोडीच्या मागे चौघा बैलांनी एका रेषेत, एका वेगाने धावावे हे कसब. एक बैल बिचकला तरी बारी वाया जाते. एका वेळी एकच गाडा सुटत असल्याने प्रतिस्पर्धी असतो तो घड्याळाचा काटा. जेमतेम बारा सेकंदांच्या आसपास सारे आटोपते आणि निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो. (सातारा-सांगलीकडे मात्र सपाट रानात गाडीवानासह अनेक गाड्या एकत्र धावतात.)

वाद आहे तो बैल कशामुळे धावतो, याचा. चाबूक, शेपटी पिरगाळणे, विजेचा धक्का हे प्रकार प्राणिमित्रांनी न्यायालयापुढे मांडले आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसह या शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी प्रत्यक्ष घाट खुले झाले ते १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

नांगरट ट्रॅक्टरकडे गेल्यावर खिलार बैल दावणीला ठेवण्यास शर्यतीखेरीज कारण उरले नाही, हा गाडामालकांचा युक्तिवाद खोटा नाही. पण धावण्याची इच्छा बैलाला विचारता येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच सारी भिस्त नियमांवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी कागदावर सहज दिसते. काठी-चाबकाची बंदी मात्र पाळली जाते की नाही, हे ठरते गाडा सुटण्याच्या जागी, आरोळ्या आणि धुळीत, अवघ्या दोन-तीन क्षणांत. पर्यवेक्षकाची नजर हवी ती तेथेच.