तीन कॉर्ड आणि साडेतीन चरण

१९६६ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत, एका झाडाखाली, भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांनी हरिनामाचे उघड्यावर संकीर्तन केले. आदल्याच वर्षी ते ‘जलदूत’ या मालवाहू जहाजाने अमेरिकेत पोहोचले होते, आणि जवळच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भाड्याच्या दुकानात त्यांनी इस्कॉनचे काम सुरू केले होते. पुढच्या दशकात त्याच परिसरात, बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी या क्लबात, अमेरिकन पंक संगीत वाढले. १९८०च्या दशकात त्या पंकची अधिक वेगवान आणि अधिक संतप्त अशी हार्डकोर शाखा तिथे जोमात आली, तेव्हा दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. ‘क्रो-मॅग्ज’ या बँडच्या १९८६च्या पहिल्या अल्बमचे नावच कलियुगाच्या कल्पनेवरून घेतलेले आहे. ‘यूथ ऑफ टुडे’चा गायक रे कॅपो कृष्णभक्त झाला आणि त्याने ‘शेल्टर’ हा बँड काढला. दुसऱ्या एका बँडने जपमाळेतल्या मण्यांची संख्या, १०८, हेच आपले नाव केले. या साऱ्याला ‘कृष्णकोर’ म्हणू लागले. इंग्लंडमध्ये ‘एक्स-रे स्पेक्स’ची गायिका पॉली स्टायरीन हिनेही त्याआधीच इस्कॉनची वाट धरली होती.

ही गोष्ट सांगताना लोक साधारणपणे दोनच कारणे पुढे करतात. एक म्हणजे बंडखोर पोरे शेवटी थकली आणि देवाकडे वळली. दुसरे म्हणजे पाश्चात्त्यांना पूर्वेचे आकर्षण असतेच. मला ही दोन्ही कारणे वरवरची वाटतात. पंक आणि भक्तिसंगीत यांचे नाते दोघांच्या घडणीत आहे. गाणे कोणी करावे, किती शिकून करावे, कोणाच्या परवानगीने करावे, या प्रश्नांना दोघांनी दिलेले उत्तर एकच आहे, आणि ते उत्तर आपल्याकडे इंद्रायणीच्या खोऱ्यात सतराव्या शतकातच रुजले होते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी ही नदी मावळ ओलांडून देहूला आणि पुढे आळंदीला जाते. तिच्या वाटेवर इंदोरीजवळ भंडारा डोंगर आहे, जिथे तुकोबा एकांतात बसत. जवळच सुदुंबरे आहे, जिथे संताजी जगनाडे यांची समाधी आहे. पंकचा आणि भक्तीचा विचार करायला न्यूयॉर्कइतकीच ही जागाही योग्य आहे.

आधी घडण पाहू. १९७७च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका हौशी पंक पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापून आल्या, आणि एवढे आले की बँड काढा, असे वाचकांना सांगितले गेले. वर्षानुवर्षांची तालीम, महागडा स्टुडिओ, कंपनीचा करार यांच्याविना गाता येते, हा त्या पानाचा अर्थ होता. अभंगाचे गणितही तितकेच थोडक्यात सांगता येते. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. म्हणजे साडेतीन चरण आणि बावीस अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. लघु-गुरूचा काच नाही, संस्कृत वृत्तांची घोकंपट्टी नाही. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कानाने ही मोजणी जमते. पंडितांच्या हातातली कविता शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या, मोलकरणीच्या तोंडी गेली त्याचे एक मोठे कारण या बावीस अक्षरांत आहे.

गाण्याची रीतही तशीच. मावळातल्या कुठल्याही गावच्या सप्ताहात भजन उभे राहते तेव्हा टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मध्ये वीणेकरी, बाजूला पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावून आवाज खाली आणलेला असतो. रामकृष्णहरीच्या गजराने सुरुवात होते, मग रूपाचा अभंग. बुवा चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद उचलतात. पहिल्यांदाच टाळ हातात घेतलेला मुलगा रांगेच्या टोकाला उभा राहतो; त्याचा एखादा टाळ चुकला तरी तीस बरोबर पडलेल्या टाळांत तो विरून जातो, आणि शेजाऱ्याच्या हाताकडे बघत बघत लय त्याच्या अंगात उतरते. चाल संथ सुरू होऊन चढत जाते, दुगुनीत पावल्या पडू लागतात. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. गावकरी पहारे वाटून घेतात आणि रात्री दोन वाजतासुद्धा कोणी ना कोणी ती गळ्यात घेऊन उभा असतो. तो वाजवण्यात निष्णात असायची गरज नसते; त्याने उभे राहायचे असते. कलावंत आणि श्रोता यांच्यातली भिंत पाडण्याची भाषा पंकने केली. इथे ती भिंत बांधलीच गेली नव्हती.

आणि गाणे टिकवायचे कसे, याचेही उत्तर या खोऱ्यात आहे. संताजी जगनाडे चाकणचे, जातीने तेली, धंद्याने घाणा चालवणारे. परंपरा त्यांना तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत गणते. याच टाळकऱ्यांत नावजी माळी आहेत, शिवबा कासार आहेत, गवरशेट वाणी आहेत, आणि तुकोबांना आधी विरोध करून मग शरण आलेले रामेश्वरभट्टही आहेत. संताजी टाळ धरत आणि अभंग लिहूनही घेत. तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यानंतरही अभंग उरले, यामागे श्रद्धा तरल्या वह्यांचा चमत्कार पाहते. इतिहास त्यासोबत लोकांचे पाठांतर आणि अशा हातांनी केलेली लेखणीची मजुरीही पाहतो. वि. ल. भावे यांनी पुढे संताजींच्या वह्यांवरूनच तुकोबांच्या गाथेची आवृत्ती सिद्ध केली. मुंबई सरकारच्या खर्चाने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा निघाली ती १८७३ साली, म्हणजे तुकोबांनंतर सव्वादोनशे वर्षांनी. तोवरचा बहुतेक प्रसार हाताने नकलून आणि तोंडाने म्हणून झाला. पंकवाल्यांनी घरी भरलेल्या कॅसेटी आणि झेरॉक्स केलेल्या पत्रिका एकमेकांना टपालाने पाठवल्या, त्या कामाची जात हीच आहे.

घडण इतकी मोकळी असली की एक विलक्षण गोष्ट होते: मूळ मत न मानणारेही ती घडण वापरू लागतात. माझ्या मते हाच या नात्याचा सर्वांत पक्का पुरावा आहे. महात्मा फुले यांना पंढरीच्या विठोबाची पूजा मान्य नव्हती. तरीही त्यांनी आपले ‘अखंड’ तुकोबांच्या अभंगाच्या वळणावर रचले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि येशूची भजने अभंगात लिहीत राहिले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्याही आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद याच मराठी संतपरंपरेत गात होते. दुसऱ्या बाजूला पंक पाहा. चर्चची आणि राजसत्तेची टर उडवत आलेल्या या संगीतात एकीकडे कृष्णभक्त शिरले, तर दुसरीकडे मायकल मुहम्मद नाइट यांच्या ‘द तक्वाकोर्स’ या कादंबरीनंतर बोस्टनच्या ‘द कोमिनाज’सारखे दक्षिण आशियाई मुस्लिम घरांतले वादक शिरले आणि त्यांनी तिथे आपले जुने भांडण आणि आपली श्रद्धा दोन्ही मांडली. मतांच्या मालकीच्या पलीकडे जाणारा हा गुण सगळ्याच संगीताला लाभत नाही. ख्यालगायकी थोर आहे, पण ती असा वापर होऊ देत नाही, कारण तिची किल्ली घराण्याच्या आणि गुरूच्या हाती असते.

यावर पहिला आक्षेप असा की पंक नकाराचे गाणे आहे आणि भक्ती शरणागतीचे, मग ही सांगड कशी बसावी? नकार दोघांतही आहे आणि नियमही दोघांत आहे, हे त्याचे उत्तर. वॉशिंग्टनच्या ‘मायनर थ्रेट’ने १९८१ साली पाऊण मिनिटाच्या एका गाण्यातून दारू आणि अमली पदार्थ नाकारले. त्यातून ‘स्ट्रेट एज’ ही जीवनरीत निघाली. क्लबात अल्पवयीनांना दारू मिळू नये म्हणून त्यांच्या हातावर फुलीची खूण करत; या तरुणांनी तीच फुली अभिमानाने मिरवली, आणि पुढे अनेकांनी मांसाहारही सोडला. आपल्या माळकऱ्याला हे नवे वाटायचे कारण नाही. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू आणि मांस सुटते, आणि घरादाराला ते कळते. कृष्णकोरची मंडळी भक्तीकडे वळली ती याच दारातून; शिस्त त्यांच्या अंगी आधीच होती. तुकोबांच्या नकाराची धार तर गाथा उघडणाऱ्या कोणालाही जाणवेल. भोंदू साधू, पैसे घेऊन कथा करणारे, कुळाच्या गर्वाने ताठलेले, यांपैकी कोणालाही त्यांनी सोडलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. वारकरी परंपरा खुली होती असे म्हणताना अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांना मंदिराबाहेर राहावे लागले हे विसरायचे का? विसरता येणार नाही. गाणे खुले होते आणि दार बंद होते. पंढरपूरचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले. फडांची शिस्त, मानकऱ्यांचा क्रम, दिंड्यांचे नंबर यांत अधिकाराची उतरंड आहेच. बायकांना फडावर जागा मिळाली ती थोडी आणि उशिरा. पण बहिणाबाई सिऊरकरांनी ब्राह्मण घरातून येऊन शूद्र म्हणवल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानले, आणि त्यांच्यानंतरच्या असंख्य अनाम बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या, हेही याच इतिहासात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांतल्या बायकांसोबत काम करताना या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे तो साठा लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांत विठोबा आहे, तुकोबा आहेत आणि त्यांचे घर ओढणारी त्यांची बायकोही आहे. संस्थेने नाकारलेली जागा घडणीने दिली, हा माझ्या मुद्द्याला छेद नसून आधारच आहे. पंकही काही निर्मळ नाही. तिथेही पोरींना आणि काळ्या तरुणांना आपली जागा भांडून घ्यावी लागली.

तिसरा आक्षेप पावित्र्याचा: अभंगाला इलेक्ट्रिक गिटार लावणे म्हणजे विटंबना. हा आक्षेप घेणाऱ्यांनी भजनातली पेटी आली कुठून याचा विचार करावा. हार्मोनियम युरोपातून आली आणि शंभर वर्षांत ती आपल्या मांडीला मांडी लावून बसली. ‘प्रभात’च्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद लोकांनी तुकोबांचेच मानले. पंडित भीमसेन जोशी यांनी अभंग ख्यालाच्या तालेवारीने गायले, आणि वारकऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. मावळातच पाहायचे तर कार्ल्याच्या लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावरून कोळी आणि आगरी मंडळी पालख्या घेऊन डोंगर चढतात. त्यांच्या भक्तिगीतांत ब्रास बँड आणि बेंजो कधीचा मुरलेला आहे, आणि बेंजो म्हणजे पिकअप बसवून, स्पीकरला जोडून, आवाज मुद्दाम फाडून वाजवलेला बुलबुलतरंग. विजेवर चालणारे, कर्कश, कष्टकऱ्यांनी स्वतः जुळवलेले तंतुवाद्य देवीपुढे वाजते आहे, आणि त्याला कोणी विटंबना म्हणत नाही.

म्हणून आजच्या अभंग-रॉकचा हिशोब गिटारच्या मुद्द्यावर करू नये. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने संतांची पदे रॉक आणि रेगेच्या अंगाने गायली आणि नव्या पिढीच्या कानांवर घातली, ही मोलाची गोष्ट आहे. मुंबईतच ‘द रायट पेडलर्स’ने पंकच्या सरळ वाटेने सत्तेवर आणि ढोंगावर छोटी, झपाट्याची गाणी केली, ती इंग्रजीत असल्यामुळे आणि क्लबात वाजल्यामुळे थोड्यांपर्यंतच पोहोचली. दोघांच्याही आधी अरुण कोलटकर होते. १९७०च्या दशकात त्यांनी इंग्रजीत रॉकच्या धाटणीची गाणी लिहून ध्वनिमुद्रित केली, अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले, बळवंतबुवांच्या भजनाच्या संगतीत राहिले आणि तुकोबांचे इंग्रजी अनुवाद केले. या गोष्टी त्यांना वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्याशा वाटल्या नाहीत.

माझी तक्रार निवडीबद्दल आणि रंगमंचाबद्दल आहे. अभंग-रॉकच्या मैफलीत विठ्ठलाच्या रूपाचे आणि पंढरीच्या सुखाचे अभंग पुन्हा पुन्हा येतात. ढोंग्यांवर कोरडे ओढणारे अभंग क्वचितच येतात. म्हणजे पंकची वाद्ये घेतली आणि तुकोबांमधला पंकच गाळला. दुसरे असे की हजार-पाचशे माणसे तिकीट काढून अंधारात उभी राहतात आणि गाणे वरून खाली येते. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत मागच्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीताचे असे मोठे महोत्सव झाले. आवाज प्रचंड होता, पण ध्रुपद लोकांच्या तोंडी नव्हते. आवाज वाढला म्हणजे सहभाग वाढला असे होत नाही. कुठल्याही अभंग-बँडची पारख मी एकाच गोष्टीवर करीन: ध्रुपद कोण म्हणते आहे?

दरवर्षी माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर तुकोबांच्या अनुग्रहाचा सोहळा असतो. तिथे तिकीट नसते आणि रांगेच्या टोकाला उभे राहणाऱ्याला टाळ मिळतो. अभंगाला रॉक लावू पाहणाऱ्या तरुण वादकांनी एका माघात अ‍ॅम्प्लिफायर घरी ठेवून तिथे यावे, उतरताना सुदुंबऱ्याला संताजींच्या समाधीशी थांबावे, आणि पुढच्या अल्बमसाठी गाथा उघडतील तेव्हा ढोंग्यांवरच्या अभंगांपासून सुरुवात करावी.