बॅटरी बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

हेडलाइटचे बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीतले पाणी भराभर आटते आणि बॉनेट उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जुन्या गाडीत ही लक्षणे दिसली की दोष बहुधा बॅटरीच्या माथी मारला जातो. नवी बॅटरी बसते आणि काही महिन्यांत तीही फुगते, कारण मूळ दुखणे ओव्हरचार्जिंगचे असते.

अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिनाचा वेग वाढला की त्याचे व्होल्टेजही वाढू पाहते. रोटरच्या कॉइलला मिळणारा करंट कमी-जास्त करून रेग्युलेटर ते आवरतो.

तपासणी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून सुरू करावी. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आकडा १५च्या वर चढत गेला, तर ओव्हरचार्जिंग नक्की.

तरीही अल्टरनेटर लगेच उतरवू नये. रेग्युलेटर वेगळा बसवलेल्या जुन्या गाड्यांत खरा चोर अनेकदा वायरिंगमध्ये सापडतो. रेग्युलेटर आपल्यापर्यंत पोहोचलेलेच व्होल्टेज पाहतो. वाटेतल्या गंजलेल्या जोडाने एक व्होल्ट खाल्ला, तर रेग्युलेटर स्वतःपाशी १४.२ राखतो आणि बॅटरीला १५.२ मिळतात. रेग्युलेटर शाबूत, पण फसलेला! हे पकडायला इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी रेग्युलेटरच्या सप्लाय टर्मिनलवर धरावी. आकडा शून्याच्या जवळपास हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी जोड, फ्यूज आणि इग्निशन स्विच तपासावेत. तशीच मोजणी बॅटरीचा निगेटिव्ह आणि रेग्युलेटरची बॉडी यांच्यात करावी. अर्थिंग सैल असेल तर तिथे कळते.

दोन्हीकडे काही सापडले नाही, तर रेग्युलेटर निकामी झालेला असतो किंवा रोटरच्या कॉइलला जाणारी फील्डची वायर शॉर्ट झालेली असते. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आत असला, तरी बहुतेक जुन्या मॉडेलांत तो कार्बन ब्रशसह सुटा बदलता येतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची गॅरेजमधली जुनी रीत मात्र सोडावीच. त्या क्षणी व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात. उकळत्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगीही टाळावी. दुरुस्तीनंतर डिस्टिल्ड वॉटर भरून पुन्हा मोजणी करावी. बॅटरीचे खोके फुगलेले असेल, तर ती बदलावीच लागते.