काचेला करंट कळतो कसा?

नांदेड-लातूरकडच्या हायटेन्शन लाइनच्या मनोऱ्यांवर अगदी शेंड्याला एक तार असते. हल्ली बऱ्याच ठिकाणी तिच्या पोटात ऑप्टिकल फायबर असतं. हे कळलं की काहींना वाटतं, त्यातून वीज जाते; काहींना वाटतं, ते खालच्या तारांतला करंट मोजतं. दोन्ही चूक. ती अर्थवायर आहे. आभाळातून कोसळलेली वीज झेलून जमिनीत नेणं हे तिचं काम, आणि आतलं फायबर सबस्टेशनांमधले निरोप वाहतं. करंट मोजणारं फायबर वेगळं. ते विजेच्या वाहकाभोवती वेढे देऊन बसवतात.

करंट वाढला की या फायबरमधला उजेड मंद होतो, हीही भाबडी समजूत. 1845 मध्ये मायकेल फॅरडे यांना दिसलं की चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने काचेतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचं कंपनाचं प्रतल किंचित फिरतं. वाहकात प्रवाह असला की भोवती चुंबकीय क्षेत्र असतंच. प्रतल किती फिरलं यावरून अँपियर काढतात. पण हे फिरणं फारच थोडं! 1310 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात एका वेढ्यामागे 1000 अँपियरला सुमारे 0.06 अंश. म्हणून वेढे वाढवावे लागतात.

शेजारच्या फेजमुळे आकडा चुकेल ही शंका मात्र रास्त आहे. वायरमनच्या टाँग टेस्टरचा जबडा अर्धवट उघडा राहिला तर आकडा चुकतो, तसंच इथेही. वेढा पुरता बंद असेल तर बाहेरच्या तारेचा परिणाम एका बाजूला जितका वाढतो तितकाच दुसऱ्या बाजूला वजा होतो.

‘सीटी असताना हे लचांड कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. लोखंडी गाभ्याचा सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, एसीवर उत्तम चालतो. पण मोठा फॉल्ट आला की गाभा संपृक्त होऊन आकडा बिघडू शकतो, आणि उच्च दाबासाठी तेल व पोर्सेलीनचा भार वाढत जातो. काच मुळातच विद्युतरोधक. शिवाय चंद्रपूर-पडघे या ±500 केव्हीच्या डीसी वाहिनीसारख्या ठिकाणी साधा सीटी कामाचाच नाही; फायबर डीसीही मोजतं.

मराठवाड्याच्या उन्हाचं काय? तापमान 100 अंशांनी बदललं तरी सिलिकाच्या काचेतलं प्रतलाचं फिरणं जेमतेम 0.7 टक्के बदलतं, आणि तेवढी दुरुस्ती करता येते. खरा त्रास फायबर वाकण्याचा, ताणाचा आणि कंपनांचा. त्यानेही ध्रुवण बिघडतं. यंत्र महाग पडतं ते बरंचसं याच्या बंदोबस्तामुळे.

त्यामुळे बिल फुगलं म्हणून घराला फायबरचा मीटर मागू नका. तिथे साधा शंट किंवा छोटा सीटी पुरतो. संशय असेल तर वीज कार्यालयात अर्ज देऊन आहे तोच मीटर तपासून घ्या.